पाणी मुरते कुठे?

मराठी माणसाला एखाद्या व्यवहाराचा संशय आला की तो भुवया उंचावून म्हणतो, "कुठे तरी पाणी मुरतंय!" हिशेबात दोन रुपयांचा मेळ बसेना, ठरलेले लग्न उगाचच लांबणीवर पडू लागले, किंवा एरवी तुसडेपणाने वागणारा शेजारी अचानक गोड बोलू लागला, की पाणी मुरलेच म्हणून समजावे. वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना मला नेहमी पाण्याची दया येते. कारण मुरणे हे आपल्या भाषेतले मोठ्या मानाचे क्रियापद. लोणचे मुरले की त्याला चव येते. गवई मुरला की त्याचा नुसता षड्जही ऐकत राहावासा वाटतो. राजकारणात मुरलेल्या माणसाला विरोधकही वचकून असतात. जे लोणच्याला, गवयाला आणि पुढाऱ्याला शोभते, ते बिचाऱ्या पाण्याने केले तरच संशय का घ्यावा?

भिंतीत नि बांधात पाणी मुरणे वाईट, हे मी जाणतो. परंतु आमच्या पनवेलपुरते बोलायचे तर हा वाक्प्रचार आता कोशातून काढून टाकावयास हरकत नाही. इथे पाणी कुठेच मुरत नाही. संशयाला जागाच उरलेली नाही, आणि खरी काळजीची गोष्ट तीच आहे.

पनवेलला वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी गावाच्या अंगाने जाऊन खाडीला मिळते. तिच्यावर देहरंगला शहराचे स्वतःचे धरण आहे. गावात वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी नावे लाभलेले तलाव आहेत. वरुणराजाने याहून आणखी काय द्यावे? तरीही उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसू लागतो, बाहेरून पाणी घ्यावे लागते आणि सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे राहतात. पुढे दोन महिने लोटतात न लोटतात तोच त्याच फाटकाशी गुडघाभर पाणी साचते, आणि ते उपसायला पंप आणावा लागतो. मे महिन्यात पैसे देऊन पाणी आत आणावयाचे आणि जुलै महिन्यात पैसे देऊन पाणी बाहेर काढावयाचे! असा व्यवहार एखाद्या किराणा दुकानदाराने केला असता तर त्याचे दिवाळे निघाले असते. आपण मात्र त्याला शहरातले राहणीमान म्हणतो.

पूर्वी असे नव्हते म्हणून गळा काढण्याचा माझा हेतू नाही. पूर्वीच्या पनवेलीत गाळ होता, डास होते, आणि पावसाळ्यात पायातले खेटर चिखलात रुतून बसे. मातीचे अंगण सारवणे, चोपणे, त्यावर सडा घालणे हे कष्ट घरातल्या बायकांच्या वाट्याचे. अंगणात फरशी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर तो रास्तच होता. १८५२ साली स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. दीड शतकाच्या या वाटचालीत रस्ते बांधणे, गटारे बांधणे, चिखल हटवणे हीच तर प्रगती होती. परंतु चिखल हटवता हटवता आपण जमीनच हटवली, हे ध्यानात यायला उशीर झाला.

ते ध्यानात येते दिवाळीत. मुलांना किल्ला करावयाचा असतो आणि साऱ्या आवारात मूठभर माती मिळत नाही. मग एखाद्या बांधकामावरून पिशवीभर माती मागून आणावी लागते, नाहीतर सरळ बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला घरी येतो. ज्या आवारात पोरांना रायगडापुरती माती सापडत नाही, त्या आवारात पाऊस तरी कुठे शिरणार?

माझा विषय भाषेचा, गटारांचा नव्हे. परंतु या बाबतीत शेजारच्या मुंबईची एक हकीकत अशी आहे की ती भाषेच्या शिक्षकालाही विसरता येऊ नये. मुंबईची जुनी पर्जन्यजल-गटारे बांधली गेली तेव्हा ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील असा हिशेब धरला होता. आणि त्या हिशेबात आणखी एक गृहीत होते : पडलेल्या पावसापैकी निम्मेच पाणी गटारात येईल, उरलेले निम्मे जमीन पिऊन टाकील. म्हणजे मुंबईच्या मातीला पाणी पिण्याचे कामच नेमून दिलेले होते. १९८५ सालच्या पुरानंतर या साऱ्या व्यवस्थेची पाहणी सुरू झाली आणि १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जाणारा अहवाल तयार झाला. त्यात पावसाचा आकडा तासाला ५० मिलिमीटर धरण्यास सांगितले. आणि जमीन किती पाणी पिईल, तर काहीच नाही, असे धरून चालण्यास सांगितले. पडेल तेवढे सगळे गटारात येणार!

अभियंत्यांचे यात काही चुकले असे मी म्हणत नाही. त्यांनी डोळ्यांसमोर दिसत होते तेच लिहिले. पण पाहा, कारभाराच्या वहीतून जमिनीचे नावच खोडले गेले. जिच्यावर निम्मा भार होता ती कामगार एके दिवशी कामावरून कमी केली, आणि तिच्या जागी मोठी गटारे, पंप आणि कोट्यवधी रुपये नेमले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पनवेलकरांनीही गाढीचे पाणी घरात शिरताना पाहिले. त्या दिवशीचा पाऊस कोणत्याच गटारात मावणारा नव्हता, आणि कोणत्याच मातीतही नव्हता. मात्र दर पावसाळ्यात चार-दोनदा पडणाऱ्या साध्या मुसळधार पावसानेही आपण बुडतो, त्याचे काय?

जमिनीला पुन्हा कामावर घेण्याची एक युक्ती जगात निघाली आहे. तिला सच्छिद्र किंवा झिरपती फरसबंदी म्हणावे. कल्पना साधी आहे. चालण्यासाठी आणि मोटार उभी करण्यासाठी पृष्ठभाग टणक हवा, चिखल नको. पण पाणी मात्र त्यातून आरपार खाली जावे. हे दोन प्रकारांनी साधते. एक म्हणजे वाळू जवळजवळ न घालता नुसती खडी आणि सिमेंट यांचे काँक्रीट करावयाचे. त्यात साधारण १५ ते २५ टक्के पोकळी राहते, एखाद्या जाळीदार अनारशासारखी. दुसरा प्रकार म्हणजे लाद्या किंवा पेव्हर ब्लॉक, ज्यांना आमच्याकडचे गवंडी गट्टू म्हणतात, ते जरा फट ठेवून बसवावयाचे आणि त्या फटीत सिमेंट न भरता बारीक खडी भरावयाची.

परंतु खरी करामत वरच्या थरात नाही. ती खाली आहे. लाद्यांच्या खाली हात-दीड हात खोल, धुतलेल्या, एकाच आकाराच्या खडीचा थर असतो. त्यात मुरूम किंवा दगडाचा भुगा मिसळावयाचा नसतो, कारण तो पोकळ्या बुजवतो. अशा खडीत सुमारे ४० टक्के जागा रिकामी असते. आता गृहिणी स्वयंपाकघरात करतात तसला हिशेब करू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. खडीचा थर ३० सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या पोकळीत १२ सेंटिमीटर, म्हणजे १२० मिलिमीटर पाऊस मावतो. सोसायटीचे मोकळे आवार हजार चौरस मीटरचे असेल, तर पायांखाली १ लाख २० हजार लिटर पाणी राहिले; दहा हजार लिटरचे बारा टँकर! वर मुले क्रिकेट खेळत आहेत आणि खाली बारा टँकर उभे आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

इथे कोणी म्हणेल, "अहो, गट्टू तर आमच्या आवारात केव्हाच बसवले आहेत!" बसवले आहेत खरे, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या खाली काँक्रीटचा पक्का थर ओतलेला असतो. तिथे फटीतून गेलेले पाणी चार बोटे खाली जाऊन थबकते आणि मागे फिरते. ही चाळणी खरी, पण तिच्याखाली ताट ठेवलेले. चाळणीचा उपयोग काय?

आता आमच्या मातीची अडचणही सांगितली पाहिजे, नाहीतर एकतर्फी वकिली होईल. पनवेलच्या आसपास वर मुरूम नि खाली काळा पाषाण आहे. खाडीकडे तर चिकणमाती आहे. ही जमीन पाणी पिते ते घुटक्याघुटक्याने. जुलै उजाडेपर्यंत तिचे पोट भरलेले असते. तेव्हा फरसबंदी झिरपती केली की पावसाचे सारे पाणी भूगर्भात जाईल आणि विहिरी तुडुंब भरतील, असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जूनचे पाऊस आणि गणपतीनंतरचे पाऊस यांतले काही पाणी मुरेल, त्याने आवारातली झाडे आणि विहीर सुखावतील, हे खरे. भर पावसाळ्यात मात्र या फरसबंदीचे काम वेगळे आहे. पाण्याला थांबवून धरणे हे ते काम. खडीच्या तळाशी एक सच्छिद्र नळी ठेवलेली असते. पाणी तिच्यातून सावकाश, तासांच्या हिशेबाने गटाराकडे जाते.

आणि पनवेलला सगळा प्रश्न तासांचाच आहे. खाडीला भरती असली की गाढीचे पाणी पुढे सरकत नाही, गटारांची तोंडे पाण्याखाली जातात. नेमका त्याच वेळी पाऊस कोसळला की शहर तुंबते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. तेव्हा पाण्याला सहा तास बसवून ठेवायला जागा मिळाली, तर अर्धे संकट टळते. ही गोष्ट आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही असेही नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईच्या खाडीकाठच्या वसाहतींसाठी धारण तलाव बांधले ते याच विचाराने : भरतीच्या वेळी झडपा मिटवावयाच्या, पावसाचे पाणी तलावात घ्यावयाचे, ओहोटी लागली की ते खाडीत सोडावयाचे. मुंबईत हिंदमाताचे तुंबणे कमी व्हावे म्हणून अलीकडे परळ-दादर भागात मैदान आणि उद्यान यांच्या खाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या, त्याही याचसाठी. झिरपती फरसबंदी म्हणजे हाच धारण तलाव, पण वाटून घेतलेला. एक मोठा तलाव गाळाने भरला की साऱ्या वसाहतीला धोका; दोनशे सोसायट्यांनी आपापल्या अंगणाखाली छोटा छोटा तलाव ठेवला, तर भार विभागला जातो.

ही विद्या आपल्याला सर्वस्वी परकीही नाही. तळकोकणात डोंगरउतारावरून घरांकडे जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे पटेल. जांभा जात्याच सच्छिद्र. पुष्कळ पाखाड्यांत चिरे नुसते मातीत बसवलेले, सांध्यांत चुना नाही. आषाढातला पाऊस त्या चिऱ्यांवरून धावतो, काही सांध्यांतून आत जातो, आणि माणूस घसरत नाही. जिथून आमची गाढी निघते त्या माथेरानला तर हा प्रश्न आजही धगधगता आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या गावात तांबड्या मातीचे रस्ते पावसाने वाहून जातात. म्हणून पेव्हर ब्लॉक बसवावेत असे एक म्हणतो, तर माती आणि झाडे गुदमरतील असे दुसरा म्हणतो. हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मातीही वाहून जाऊ नये आणि पाणीही कोंडू नये, अशी फरसबंदी शोधणे हेच त्याचे उत्तर.

परदेशांत या गोष्टीला आता अर्धशतक होऊन गेले. १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये सच्छिद्र डांबरी रस्त्याचे प्रयोग झाले. जर्मनीतल्या पुष्कळ गावांत घराभोवतीची किती जमीन बांधून टाकली आहे ते मोजून पावसाच्या पाण्याचा आकार भरावा लागतो. माती मोकळी ठेवली तर बिल कमी. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरहून अधिक जागेवर पाणी न जिरणारी फरशी घालावयाची असेल, आणि ते पाणी आवारातच जिरवण्याची सोय नसेल, तर परवानगी काढावी लागते. झिरपती फरशी असेल तर नको. चीनने तर २०१५ साली सोळा शहरे 'स्पंज शहरे' करावयास घेतली. पुढे २० जुलै २०२१ रोजी झेंगझोऊ शहरात एका तासात २०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि स्पंज होण्यासाठी पुष्कळ खर्च केलेले ते शहर बुडाले. तेव्हा स्पंज झाले तरी ते पाण्याने भरतेच, हेही लक्षात असू द्यावे. छत्री वादळात उलटते म्हणून रोजच्या पावसात ती घेऊ नये असे मात्र कोणी म्हणत नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा आवाराचे काँक्रीटीकरण हा विषय होता. अशा सभांत बहुधा चहा येईपर्यंत सगळे एकमेकांशी भांडतात आणि चहा आल्यावर ठराव एकमताने मंजूर होतो. यंदा तळमजल्यावरच्या एक वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, "आवार दोन इंचांनी उंच होणार, हे सगळ्यांना चांगलं वाटतंय. पण माझा उंबरठा आहे तिथेच राहणार ना? मग पाणी कुठे येणार ते सांगा." सभा गप्प झाली. मग कोणी तरी म्हणाले, की पाण्याला फाटकाकडे उतार देऊ. त्यावर त्या म्हणाल्या, "फाटकाबाहेर उतारावर त्या बैठ्या घरांची ओळ आहे. त्यांनाही उंबरठे आहेत."

शंभर पुस्तके वाचून जे नेमके सांगता येऊ नये ते या दोन वाक्यांत आले, असे मला वाटले. पाणी घालवून देण्याची जी जी व्यवस्था आपण करतो, ती खरे म्हणजे पाणी दुसऱ्याच्या दारात पोहोचवण्याची व्यवस्था असते. उंचावर राहणाऱ्याचा 'निचरा' तो सखल भागात राहणाऱ्याचा 'पूर'. शब्द दोन, पाणी एकच.

मग आमच्यातल्या एका सेवानिवृत्त अभियंत्यांनी कागद घेतला. त्यांनी जे सांगितले ते इतर सोसायट्यांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो. सारे आवार एकदम उकरण्याची गरज नाही. जिथे फक्त हलक्या गाड्या उभ्या राहतात आणि मुले खेळतात तेवढाच भाग आधी घ्यावा. टँकर आणि कचऱ्याची गाडी जिथून फिरते ती वाट पक्की राहू द्यावी. इमारतीच्या पायापासून तीनेक मीटर दूर राहावे. मैलापाण्याच्या टाकीजवळ तर हा उद्योग करूच नये. झाडांच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी सोडावी. फरशीवर रेती, सिमेंट किंवा माती यांचा ढीग कधीही टाकू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निगा. सांध्यांत धूळ नि पालापाचोळा बसला की दोन-चार वर्षांत छिद्रे बुजतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर झाडून, सांधे साफ करून, लागेल तिथे नवी खडी भरावी. लोणच्याची बरणी जशी अधूनमधून पाहावी लागते, तसेच हे. मुरण्याचे काम आपोआप होते. मुरू देण्याचे काम मात्र कोणाला तरी करावे लागते.

खजिनदारांची अडचण निराळीच होती. "सर, खर्च कोणत्या नावाने दाखवू? 'पाणी मुरवण्यासाठी' असं लिहिलं तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न त्याच रकमेवर विचारील!" सगळे हसले. चहा आला. ठराव झाला तो असा : या वर्षी पश्चिमेकडची पट्टी तेवढी झिरपती करावी, एक पावसाळा पाहावे, आणि मग पुढचे ठरवावे. सार्वजनिक जीवनात याहून मोठा विजय मी अपेक्षित नव्हता.

वाचकहो, येत्या जूनमध्ये पहिली मोठी सर आली की भज्यांची बशी घेऊन जरूर गॅलरीत उभे राहा. पण एकदा खाली पाहा. गच्चीच्या नळातून उतरलेले आणि आवारात पडलेले पाणी फाटकाबाहेर कोणत्या बाजूला वळते, आणि त्या बाजूला पहिले घर कोणाचे आहे, एवढेच पाहा. पुढच्या वार्षिक सभेत बोलायला तेवढे पुरे आहे.